पंचहौदचा चहा आणि आपली नववी ब

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. सहल, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतला गाडीवरचा वडा, सरांच्या छड्या यांवर आपल्यातले बरेच जण लिहिणार आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिणार. शिवाय गेली बावीस-तेवीस वर्षे मी लिहिते ते सॉफ्टवेअर. ते वाचणारे यंत्र असते आणि त्याला भाषेची चूक चालत नाही, पण कंटाळा चालतो. तुमचे तसे नाही.

तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट मनात होती. ती इतिहासाची आहे. ज्यांनी मला इतिहास शिकवला त्या बाईंना हे वाचून हसू येईल, कारण सनावळ्या पाठ न करणाऱ्यांत माझा नंबर वरचा होता. पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट बाईंनी नववीत सांगितली होती, ती मात्र पक्की राहिली. पुण्यातल्या चहाची गोष्ट. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. वर्ग खूप हसला होता.

गोष्ट अशी. ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशन म्हणून ख्रिस्ती मिशनऱ्यांचे ठाणे होते. तिथे एका व्याख्यानाला शहरातली पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान संपल्यावर मिशनमधल्या बायकांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा अवमान नको म्हणून कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मंडळी घरी गेली.

हा सगळा घाट घालण्यात गोपाळराव जोशी होते. आपल्याला ते माहीत असतात डॉ. आनंदीबाई जोशींचे पती म्हणून. बायकोला डॉक्टर करायचेच या हट्टापायी त्यांनी तिला सातासमुद्रापार अमेरिकेला धाडले. ती १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, परत आली आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, गेली. गोपाळराव विक्षिप्त, तिरकस माणूस. सुधारणेवर व्याख्याने झोडणारे प्रत्यक्षात किती पाण्यात आहेत हे त्यांना बघायचे असावे. चहाला हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्रात छापून आली आणि पुण्यात गहजब झाला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! ब्राह्मणांनी! चाळीस-पन्नास नावे होती. सनातन्यांनी, त्यात सरदार नातू पुढे, शंकराचार्यांकडे तक्रार नेली. शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ नेमले. चहा पिणारे तोवर वाळीत पडल्यासारखेच होते. अशा प्रकरणाला तेव्हा ग्रामण्य म्हणत. हे प्रकरण पुढे दीड-दोन वर्षे चालले.

बाईंनी इथवर सांगितल्यावर आपण हसलो होतो. चहासाठी! मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले होते, “बाई, बिस्किटं कुठली होती?” तेव्हा तर वर्ग फुटलाच.

हसण्यासारखे आहेच. पण ते चहावरून हसण्यासारखे आहे. पुढे काय झाले ते वाचायला लागले तेव्हा माझे हसू ओसरले. मला कोडे पडले ते असे की रानडे, टिळक, गोखले ही काही घाबरट माणसे नव्हती. टिळक त्याआधीच, १८८२ मध्ये, आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात राहून आले होते. रानडे सरकारी न्यायाधीश. भटजी रुसले म्हणून त्यांचा पगार थांबणार नव्हता. मग चहाच्या कपाने या माणसांचे काय वाकडे होणार होते?

उत्तर घरात आहे. त्या काळच्या ब्राह्मण घराचा विचार करा. मुलाची मुंज करायची तर भिक्षुक हवा. मुलीचे लग्न ठरवायचे तर सोयरीक हवी, आणि वाळीतल्या घरात सोयरीक करणारा स्वतः वाळीत जातो. वडिलांचे श्राद्ध आले तर पानावर बसायला ब्राह्मण हवेत. आचारी हवा. सासरी गेलेल्या मुलीला सणाला माहेरी आणायची तर तिच्या सासूने ‘पाठवते’ म्हणायला हवे. ज्याने चहा प्यायला तो कचेरीत जाऊन बसू शकत होता. घरी राहणाऱ्या, चहाचा थेंबही न चाखलेल्या बायकांना मात्र दारावरून निघून जाणारी हळदीकुंकवे मोजावी लागत. आई रात्री जेवताना विचारणार, “काय अडलं होतं रे तो चहा पिण्यावाचून?” या प्रश्नाला मिल-स्पेन्सर वाचलेल्या माणसाकडे उत्तर नसते. वाळीत टाकण्याची शक्ती इथे आहे. ज्याला वाकवायचे त्याला कोणी हात लावत नाही. त्याच्या आजूबाजूच्या माणसांना हळूहळू पिळले जाते, आणि ती माणसे शेवटी त्याच्याकडे बघतात.

टिळक या पेचातून वकिली डोक्याने सुटले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे असे त्यांनी मांडले. म्हणजे ग्रामण्य करणाऱ्यांचाच नियम घेऊन त्यांच्यापुढे ठेवला. रानड्यांचे तसे नव्हते. चहा पिण्यात पाप झाले असे त्यांना वाटत नव्हते, त्यांच्यापुरते ते ग्रामण्य सहन करायला तयारही होते. पण त्यांच्याबरोबरच्या मित्रांची घरे अडली होती. कोणाच्या घरी कार्य होते, कोणाचे वडील हट्टाला पेटले होते. रानड्यांनी घेतले तर आम्हालाही घेता येईल, असे ते म्हणत. १८९२ मध्ये रानड्यांनी मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतले.

सुधारकांच्या गोटातून त्यांच्यावर टीका झाली. होणारच. सर्वांत जास्त वाईट कोणाला वाटले असेल तर ते त्यांच्या पत्नीला, रमाबाईंना. १९१० साली निघालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी ते लपवलेले नाही. नवऱ्यावर एवढी भक्ती असणारी ही बाई, पण ही गोष्ट तिला पटली नव्हती आणि तसे तिने लिहून ठेवले. मला रमाबाईंचे हे फार आवडते.

पण रमाबाईंच्या घरात येण्याचीही एक कथा आहे, आणि ती याच जातीची आहे. १८७३ साली रानड्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते. आता हा मुलगा विधवेशी लग्न करणार या धास्तीने वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न ठरवले. रानड्यांनी नको म्हणून पाहिले. वडिलांपुढे चालले नाही. पत्नी जाऊन दोन-तीन महिनेही झाले नव्हते तोवर लग्न लागले. ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे रमाबाई. रानड्यांनी मग तिला घरी शिकवायला घेतले, आणि पुढे सेवासदन उभे करणारी बाई त्यातून घडली, हे खरे. पण त्यामुळे १८७३ चे वाकणे वाकणे नव्हते असे होत नाही. हुशारी, अभ्यास, तत्त्व सगळे जवळ असलेला माणूस घरच्या माणसांपुढे दोनदा वाकला. माझ्यासारख्या सामान्य बुद्धीच्या बाईला यात दिलासा वाटावा की भीती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

न वाकलेला माणूसही आहे, पण त्याची किंमत बघा. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले. कोकणातल्या मुरूडला, त्यांच्या गावी, ग्रामस्थांनी बहिष्कार घातला. कर्वे पुण्यात होते, त्यांना काय करणार? गावात आई होती, थोरला भाऊ होता. कर्व्यांना घरात घेतले तर तुम्हीही वाळीत, असे त्या दोघांना बजावले गेले. मुलगा गावी आला तरी आईला त्याला स्वतःच्या घरात उतरवून घेता येईना. कर्वे डगमगले नाहीत. पुढे १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो हिंगण्याला नेला, आणि तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली जिची आपण फारशी चर्चा करत नाही. विधवाविवाहाच्या प्रचारातून ते मागे सरले. आश्रमात मुली पाठवायच्या तर आईबापांचा विश्वास हवा, आणि ‘इथे पाठवली की लग्न लावून देतात’ हा बोभाटा झाला तर एकही मुलगी आली नसती. स्वतःचे लग्न निभावले, पण पुढच्या पन्नास मुलींच्या शिक्षणासाठी लोकांच्या मनाचा अंदाज घेत चालले. याला वाकणे म्हणायचे की नाही, यावर बाई आणि मी मागच्या महिन्यात फोनवर चाळीस मिनिटे वाद घातला. बाई नाही म्हणतात. मला अजून थोडेसे तसे वाटते.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा होईल. पुण्याच्या पेठांमधल्या या मंडळींना दीड-दोन वर्षे जे सोसावे लागले, ते या देशात कित्येकांनी जन्मभर सोसले, चहा न पिता. त्यांना त्यासाठी काही करावेही लागले नव्हते. आणि त्यांनी काही केलेच, तर बहिष्काराला आणखी धार येई. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली. डॉ. आंबेडकर त्या समितीवर होते. तिने १९३० साली जे नोंदवले त्यात आहे की अस्पृश्यांवर गावोगाव बहिष्कार पडतो तो अगदी क्षुल्लक निमित्ताने: कोणी जमीन विकत घेतली, कोणी चांगले कपडे घातले, कोणी नवरदेवाला घोड्यावर बसवून वरात काढली. मग वाण्याने सामान द्यायचे नाही, शेतावर काम द्यायचे नाही, गावच्या वाटेने जाऊ द्यायचे नाही. रानड्यांना मुंजीसाठी भटजी मिळतो की नाही याची चिंता असेल. इथे प्रश्न संध्याकाळच्या भाकरीचा होता. आंबेडकरांनी पुढेही सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा ही मागणी सोडली नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. त्यानंतर महाराष्ट्राने पुन्हा कायदा केला तो २०१६ मध्ये, आणि तो लागू झाला जुलै २०१७ पासून. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा एखाद्याला वाळीत टाकणे हा आपल्या राज्यात स्वतंत्र गुन्हाच नव्हता.

आता आपल्या नववी ब कडे येते. इतका वेळ इतिहासात रेंगाळले, कारण इथे यायला पाय अडत होते.

नोव्हेंबर १९९४. नव्याने रंग दिलेल्या व्हरांड्याच्या भिंतीवर कोळशाने एका सरांचे चित्र निघाले होते. चित्र फार छान होते, हे आज तीस वर्षांनी सरांसमोर कबूल करायला हरकत नाही. वर्गाला दोन तास मैदानात उभे केले. कोणी नाव सांगितले नाही. फार अभिमान वाटला होता स्वतःचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रकाराला ऑफिसात बोलावले, त्याच्या वडिलांना बोलावले, आणि घरी त्याला जे मिळाले त्याचे वळ पुढचे चार दिवस दिसत होते. कबड्डीच्या संघातूनही तो गेला. कोणीतरी नाव सांगितले होते.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर एक मुलगी ऑफिसमधून बाहेर पडताना दोघांनी पाहिली होती. एवढ्यावर निकाल लागला. बैठक नाही, ठराव नाही. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना माहीत होते की तिच्याशी बोलायचे नाही.

ती माझ्या बाकावर बसायची. पाचवीपासून. सकाळी शाळेत येताना मी तिच्या घरावरून यायचे, तिची वेणी झालेली नसली तर तिची आई मला पोह्याची बशी द्यायची. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी दप्तर उचलले आणि खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. मला कोणी जा म्हटले नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत आले की वर्गाने मला भाग पाडले. वर्गाने काहीही केले नाही. वर्ग फक्त बघत होता, किंवा बघतो आहे असे मला वाटत होते. सकाळचा रस्ताही मी बदलला, दत्ताच्या देवळामागून जायला लागले.

डिसेंबरात रायगडची सहल गेली. ती आली नाही. ‘तोंड कुठे आहे यायला’ असे बसमध्ये कोणीतरी म्हणाले आणि आम्ही गाणी म्हटली.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी ती स्टीलच्या डब्यातून तिळाच्या वड्या घेऊन आली. काय धाडस होते ते, आता कळते. ती प्रत्येक बाकाशी गेली. काहींनी हात पुढे केला नाही. काहींनी वडी घेतली आणि बाकावरच ठेवून दिली, जशी कोणी दुसऱ्याची वस्तू राखण म्हणून ठेवतो. माझ्यापाशी आली तेव्हा मी वडी घेतली, तिच्याकडे न बघता, आणि कंपासपेटीत टाकली. खाल्ली नाही, फेकलीही नाही. पंधरा दिवसांनी कंपासपेटीत मुंग्या झाल्या तेव्हा आईने विचारले, हे काय गं. मी म्हटले, विसरले खायला. पंचहौदला ज्यांनी कप हातात घेऊन खाली ठेवला, त्यांच्याबद्दल वाचताना मला दरवेळी ती कंपासपेटी आठवते. यजमानही दुखवायचा नाही आणि गाव सोडायचे नाही. दोन्हीकडे हजेरी लावायची.

आणि बाईंनी चहाची गोष्ट सांगितली ती याच आठवड्यात. आपण हसलो ते तिच्यासकट एका वर्गात बसून. माझ्या डोक्यात तेव्हा एक तारही जुळली नाही. परवा मी बाईंना विचारले, तुम्ही मुद्दाम सांगितली होती ना? बाई म्हणाल्या, “छे गं. मला तर आठवतही नाही. तुमच्या वर्गात असलं काही चाललंय हे कळलं असतं तर गोष्टी कशाला सांगत बसले असते? एकेकीचे कान धरले असते.”

अबोला संपला कसा, तेही सांगायला हवे, कारण त्यात कोणाचाच मोठेपणा नाही. जानेवारीच्या शेवटी भूमितीची वही तपासायला द्यायची होती. मागच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राची वही कोरी होती, आणि प्रमेये नीट लिहिलेली वही तिचीच होती. तो सरळ तिच्या बाकाशी गेला आणि म्हणाला, “ए, वही दे गं.” तिने दिली. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. आकाश कोसळले नाही. दोन दिवसांत निम्मा वर्ग तिच्याशी बोलत होता. एकाची वही अपुरी नसती तर आपण दहावीपर्यंत तसेच राहिलो असतो, असे मला खरेच वाटते.

नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी सॉलोमन ॲश या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग वाचनात आले, तेव्हा ही भूमितीची वही मला नव्याने समजली. १९५१ च्या सुमाराचे प्रयोग आहेत. सात-आठ जणांना खोलीत बसवायचे आणि एक रेघ दाखवून विचारायचे, शेजारच्या तीन रेघांपैकी हिच्याएवढी कोणती? लहान मुलालाही सांगता येईल असे उत्तर. पण एक जण सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले असतात आणि ते एकापाठोपाठ एक, अगदी गंभीरपणे, चुकीचे उत्तर देतात. मग त्या एकट्याची पाळी येते. अशा वेळी साधारण तीनांतले एक उत्तर बहुमताप्रमाणे, म्हणजे चुकीचे आले. चौघांपैकी तिघे निदान एकदा तरी बधले. याहून मोलाचा भाग पुढे आहे. त्या खोलीत खरे उत्तर देणारा आणखी एकच माणूस ठेवला की चुका चौथ्या हिश्श्यावर येतात. तो एक जण शूर असायची गरज नाही, विद्वान असायची गरज नाही. नुसता असावा लागतो. आणि उत्तर तोंडाने न सांगता कागदावर लिहायला दिले, तरी दबाव बराच उतरतो.

आमच्या धंद्यात हे रोज दिसते. एखादे काम किती दिवसांचे, हे ठरवायला आठ-दहा जण बसतात. सर्वांत ज्येष्ठ माणूस आधी ‘तीन दिवस’ म्हणाला की बाकीचे मान हलवतात, मनात कोणाच्या दहा असले तरी. म्हणून काही ठिकाणी पत्ते वाटतात. प्रत्येकाने आपला आकडा पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. मी माझ्या टीममध्ये हा नियम आग्रहाने पाळते. पहिल्या दिवशी एका नव्या मुलाने ज्येष्ठांच्या तिनासमोर तेरा दाखवला, आणि तेराच बरोबर निघाला. नववी ब मध्ये पत्ते असते तर, असा विचार मनात येतो. पण आपल्याकडे प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

शेवटचा भाग माझ्यासाठी सर्वांत अवघड आहे. हे लिहायच्या आधी मी तिला फोन केला. परवानगी मागायची होती आणि माफीही, कोणती आधी मागायची हे कळत नव्हते. ती हसून बोलली, मुलांची चौकशी केली. मी सगळे सांगितले, कंपासपेटीसकट. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, पण मी नाव सांगितलंच नव्हतं.”

तिच्या वडिलांचा पगार तेव्हा चार महिने थकला होता. त्या संध्याकाळी ती ऑफिसात गेली होती ती सहलीचे भरलेले पैसे परत मागायला. ते वर्गात कोणाला कळू नये म्हणून शाळा सुटायची वाट बघत थांबली होती.

मी विचारले, मग तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, “कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. निदान तू विचारशील असं वाटलं होतं. दोन-तीन दिवस मी सकाळी दारात थांबले होते.”

पंचहौदच्या चहाला मी इतकी वर्षे हसत आले. पण त्या शंकराचार्यांनी निदान माणसे पाठवून चौकशी केली. चहा घेणाऱ्यांना आपली बाजू मांडता आली. आपण बेचाळीस जण होतो आणि त्या दोन महिन्यांत एकानेही तिला विचारले नाही. तिने पाहिले होते एवढेच की रोज एकेक जण मान फिरवतो, आणि आम्ही पाहिले होते ते एवढेच की बाकीचे मान फिरवतात. ज्याने किंवा जिने खरोखर नाव सांगितले, तोही आपल्यातच बसून तिच्याशी अबोला धरून होता.

तिने लिहायला हो म्हटले, दोन अटींवर. तिचे नाव घालायचे नाही, ही पहिली. ती मी पाळली आहे. आपल्यातले बहुतेक तिला ओळखतील, त्याला तिची हरकत नाही. दुसरी अट तुम्हा सगळ्यांसाठी आहे. नाव कोणी सांगितले याचा शोध आता ग्रुपवर सुरू करायचा नाही. “त्याला तरी आता कशाला एकटं पाडता?” असे ती म्हणाली.

मेळाव्याला ती येणार आहे. सकाळी नऊला चहा-नाश्ता आहे असे समितीने कळवले आहे. मी साडेआठला तिच्या घरावरून जाईन, असे तिला सांगितले आहे.